दोन वयांची एक खोली
नातवंडांच्या खोलीचे रंग निवडताना मूल आणि आजी-आजोबा या दोघांच्याही डोळ्यांचा विचार

दिवाळी जवळ आली, की यंदा घर रंगवायला काढायचे का, याची चर्चा घरोघरी सुरू होते. रंगाच्या दुकानातून शेडकार्ड येते. नात त्यातील सर्वांत भडक गुलाबी चौकोनावर बोट ठेवते, तर निळ्या रंगाने मूल शांत होते असे कोठेतरी वाचलेले तिच्या आईला आठवते. फिकट रंग चार दिवसांत मळेल, ही तिच्या वडिलांची चिंता. आपल्याकडील अनेक घरांत, विशेषतः शहरांतील दोन खोल्यांच्या सदनिकांत, ‘मुलांची खोली’ ही प्रत्यक्षात मुलांची आणि आजीची किंवा आजोबांची मिळून एक खोली असते. एका भिंतीशी मुलाचा पलंग व अभ्यासाचे टेबल असते, तर दुसऱ्या भिंतीशी आपला पलंग, औषधांचा डबा आणि पोथी. तरीही रंग ठरवताना आपला विचार बहुधा कोणी घेत नाही. पुष्कळदा आपणही “मला काय, कोणताही चालेल” असे म्हणून मोकळे होतो.

वाचकहो, असे म्हणू नये. रंग आणि प्रकाश यांचा संबंध मुलाच्या झोपेशी आहे, त्याच्या लक्ष देण्याच्या शक्तीशी आहे. तसाच तो रात्री अंधारात उठून चालणाऱ्या आपल्या पावलांशीही आहे. या खोलीत दोन वयांचे डोळे नांदतात आणि त्यांच्या गरजा काही बाबतींत एकमेकांच्या उलट आहेत. त्यांचा मेळ कसा घालावा, याचा या लेखात विचार करू.

रंगांच्या जादूविषयी थोडे सबुरीने

‘निळा शांत करतो, लाल चिडवतो, पिवळा आनंद देतो’ अशी सूत्रे आपण वारंवार ऐकतो. त्यांत तथ्य किती, हे समजण्यासाठी एक खरी हकिगत पाहू. १९७९ साली अमेरिकेत सिएटल येथील नौदलाच्या बंदिगृहात एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगविण्यात आली. अलेक्झांडर शॉस या संशोधकाचा दावा असा होता, की या रंगाने माणसाचा आक्रमकपणा थोड्याच वेळात ओसरतो. बंदिगृहाच्या बेकर आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून त्या रंगाला ‘बेकर-मिलर पिंक’ असे नाव पडले. परिणाम चांगले दिसल्याचे सांगितले गेले आणि पुढे इतर ठिकाणच्या कोठड्याही गुलाबी झाल्या. मात्र नंतरच्या काटेकोर चाचण्यांत हा दावा टिकला नाही. स्वित्झर्लंडमधील एका तुरुंगात गुलाबी आणि नेहमीच्या रंगाच्या कोठड्यांची तुलना करणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन्हींतील कैद्यांच्या आक्रमकपणात त्याला फरक आढळला नाही.

यावरून रंगांचा मनावर काहीच परिणाम होत नाही, असे मात्र समजू नये. परिणाम होतो, तो सौम्य असतो आणि केवळ रंगाच्या नावावर ठरत नाही. व्हाल्डेझ आणि मेहराबियन या संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की रंग निळा आहे की हिरवा यापेक्षा तो किती उजळ आणि किती गडद-भडक आहे, याचा भावनांशी अधिक ठळक संबंध असतो. उजळ रंग सुखद वाटतात, तर भडकपणा वाढेल तशी मनाची उत्तेजनाही वाढते. म्हणजे भडक निळा शांतवेलच असे नाही आणि फिकट अबोली चिडवेल असेही नाही. मुलांच्या बाबतीतही काहीसे असेच आढळते. पाच ते साडेसहा वर्षे वयाच्या मुलांना निरनिराळे रंग दाखवून ‘हा पाहून कसे वाटते’ असे विचारले असता, उजळ रंगांना त्यांनी प्रामुख्याने आनंदाच्या भावना जोडल्या आणि गडद, काळपट रंगांना दुःखाच्या किंवा रागाच्या.

याशिवाय प्रत्येक रंगामागे आपापल्या आठवणी असतात. हळदीचा पिवळा रंग पाहून आपल्याला कोणाचे तरी लग्न आठवते, तर चुन्यात नीळ घालून रंगवलेली भिंत पाहिली की आजोळ आठवते. संक्रांतीच्या बोरनहाणाला बाळाला काळे झबले घालून हलव्याचे दागिने चढवण्याची आपली रीत आहे. एरवी अशुभ मानला जाणारा काळा रंग त्या दिवशी कौतुकाचा होतो. तेव्हा कोणत्या रंगाने मन प्रसन्न होईल, याचे सर्वांना लागू पडेल असे कोष्टक मांडता येत नाही. मात्र डोळा कसा पाहतो, प्रकाश शरीरावर काय करतो आणि भिंतीवरच्या पसाऱ्याने लक्ष कसे विचलित होते, या बाबी बऱ्याच निश्चितपणे ठाऊक आहेत. आपली निवड त्यांवर आधारावी.

एकाच खोलीतील दोन प्रकारचे डोळे

नवजात बाळाला सुमारे वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात बरे दिसते. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आपला चेहरा जवळपास तितक्याच अंतरावर असतो. पहिल्या काही आठवड्यांत त्याचे रंगज्ञान अपुरे असते. उजेड-अंधाराचा ठळक भेद त्याला अधिक खिळवून ठेवतो. दोन-तीन महिन्यांत लाल-हिरव्यासारखे भेद कळू लागतात आणि चार-पाच महिन्यांपर्यंत रंगदृष्टी बरीच विकसित होते. पाळण्यावर लाकडी चिमण्या-मोर टांगण्याची आपली जुनी पद्धत या दृष्टीने योग्यच होती. पाहण्याजोगी वस्तू बाळाच्या जवळ, हलणारी आणि ठळक रंगांची असे. त्या वयात भिंतीच्या रंगाचे महत्त्व आई-वडिलांच्या हौसेपुरतेच असते.

आपल्या डोळ्यांची कथा वेगळी आहे. वयाबरोबर डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या तुलनेत ढोबळमानाने एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पिवळसर भिंगातून निळा प्रकाश कमी येत असल्यामुळे गडद निळा, काळा आणि गडद हिरवा यांत गल्लत होऊ लागते. काळा मोजा म्हणून निळा मोजा घातला जातो, तो याच कारणाने. मोतीबिंदू असेल तर हे सारे आणखी वाढते. क्लोद मोने या प्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराच्या मोतीबिंदूच्या काळातील चित्रांत लाल-तपकिरी छटांचा भर दिसतो. १९२३ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. आपल्यापैकी ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनाही पट्टी निघाल्यानंतर आकाश पुन्हा निळे दिसल्याचा अनुभव आला असेल.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की आपल्याला भरपूर उजेड, स्पष्ट रंगभेद आणि चकाकीचा अभाव हवा असतो. मुलाच्या डोळ्याचे भिंग मात्र स्वच्छ आणि बाहुली मोठी असते. त्याच्या पडद्यावर प्रकाश विपुल पडतो, आणि दिवसा हितकारक असणारी हीच गोष्ट रात्री अडचणीची ठरते.

रंगाआधी दिवा

मुलाच्या मनःस्थितीचा सर्वांत मोठा आधार म्हणजे झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाकाठी दहा ते तेरा तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. ती अपुरी झाली, की किरकिर, हट्ट, चंचलपणा असे सारे दिसू लागते. मग आपण दोष भिंतीच्या रंगाला किंवा मुलाच्या स्वभावाला देतो.

अंधार पडू लागला, की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. प्रखर प्रकाशाने, त्यातही निळसर पांढऱ्या प्रकाशाने, हे स्रवणे थांबते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपेच्या वेळेआधी तासभर प्रखर प्रकाशात खेळू दिले, तेव्हा त्यांचे मेलाटोनिन सरासरी ८८ टक्क्यांनी दबले. दिवा मालवून पन्नास मिनिटे झाल्यावरही बहुतेक मुलांमध्ये ते नेहमीच्या निम्म्यापर्यंतदेखील परतले नव्हते. मुलांची संख्या लहान होती, हे खरे. तथापि शाळकरी मुलांवर जपानमध्ये झालेल्या अभ्यासातही मुलांवरचा हा परिणाम प्रौढांपेक्षा बराच अधिक दिसला होता.

आता आपल्या खोल्यांकडे पाहा. छताला किंवा भिंतीवर एकच लखलखीत पांढरी नळी असते आणि रात्री दहापर्यंत ती चालू असते. आपल्याला वाचायला उजेड हवा म्हणून ती लावावी लागते, आणि मूल त्या उजेडात पलंगावर उड्या मारत राहते. “नऊ वाजले तरी डोळ्यांत झोप नाही” ही तक्रार करण्यापूर्वी एकदा वर पाहावे.

यावर उपाय अवघड नाही. एकाच दिव्यावर सारी भिस्त न ठेवता खोलीत तीन प्रकारचे दिवे असावेत. दिवसा आणि अभ्यासाच्या वेळी पांढऱ्या प्रकाशाचा मोठा दिवा लावावा. संध्याकाळी जेवणानंतर तो बंद करून पिवळसर प्रकाशाचा दिवा लावावा. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार प्रकाश, तर ६५०० म्हणजे निळसर पांढरा. रात्रीसाठी पहिला आणावा. तिसरा दिवा आपल्या वाचनासाठी असावा. तो आपल्या उशाशी, मान वळवता येईल असा आणि झाकण असलेला हवा, म्हणजे प्रकाश थेट पुस्तकावर पडेल आणि मुलाच्या डोळ्यांवर येणार नाही. अशा एका दिव्याने दोन वयांमधील रोजचे भांडण मिटू शकते. मोबाइल आणि दूरदर्शनचा पडदा हाही दिवाच आहे, हे येथे विसरू नये. झोपेआधी तासभर तो बंद असणे दोघांच्याही हिताचे.

रात्री उठण्यासाठी लाल-केशरी छटेचा अगदी मंद दिवा पलंगाखाली किंवा भिंतीच्या तळाशी बसवावा. स्वच्छतागृहापर्यंतची वाट त्याने दिसते. मुलाची अंधाराची भीतीही त्याने कमी होते आणि झोपेला फारशी बाधा येत नाही.

भिंत कशी असावी

दिव्यांची सोय झाली, की भिंतीकडे वळू. आपल्याला उजेड हवा आणि मुलाला भडकपणा नको. दोन्ही साधण्याचा मार्ग म्हणजे फिकट, उजळ रंग. मोतिया, बदामी, फिकट पिस्ता, फिकट आकाशी, लोण्याचा पिवळसर पांढरा यांपैकी कोणताही चालेल. असे रंग आलेला प्रकाश परत खोलीत पसरवतात, त्यामुळे दिव्यांची संख्या न वाढवताही आपल्याला स्पष्ट दिसते. छत पांढरेच ठेवावे. गडद जांभळा, मोरपंखी किंवा डाळिंबी रंग चारही भिंतींना दिला, तर खोली लहान भासते आणि भर दिवसा दिवा लावावा लागतो.

नातवंडाने गडद रंगाचाच हट्ट धरला असेल, तर त्याला एक भिंत द्यावी. ती शक्यतो पलंगाच्या डोक्याकडची असावी, म्हणजे आडवे झाल्यावर ती त्याच्या डोळ्यांसमोर राहत नाही. इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठाने २७ शाळांतील १५३ वर्गखोल्यांचा अभ्यास करून २०१५ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांतही फिकट भिंती आणि त्यांत एखादीच उठावदार रंगाची भिंत, ही रचना मुलांच्या प्रगतीला अनुकूल आढळली. अगदी कोऱ्या भिंती आणि अगदी गजबजलेल्या भिंती, ही दोन्ही टोके तितकीशी उपयोगी ठरली नाहीत.

या गजबजाटाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ साली बालवर्गातील २४ मुलांवर एक प्रयोग झाला. तक्ते-चित्रांनी भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष वारंवार भिंतींकडे जात राहिले आणि चाचणीत त्यांची सरासरी ५५ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आली. ५५ टक्के हे साध्या भिंतींच्या खोलीतील गुण होते. आपण मात्र हौसेने अभ्यासाच्या टेबलासमोरच मुळाक्षरांचा तक्ता, पाढे, प्राण्यांची चित्रे, फुगे आणि कार्टूनचे स्टिकर असे सारे एकत्र लावतो. टेबलासमोरची भिंत साधी ठेवावी. चित्रे बाजूच्या भिंतीवर, मुलाच्या उंचीवर लावावीत आणि दर महिन्याला बदलावीत. त्यांत त्याने स्वतः काढलेली असावीत. बाजारातील तयार चित्रापेक्षा स्वतःच्या हातच्या वेड्यावाकड्या सूर्याने मुलाला ही खोली आपली वाटते.

रंगाची तकाकीही पाहावी. ऑइलपेंटच्या चकचकीत भिंतीवरून परावर्तित होणारा झोत मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या डोळ्यांना फार खुपतो. भिंतीसाठी बिनतकाकीचा किंवा अगदी किंचित तकाकी असलेला, ओल्या फडक्याने पुसता येणारा रंग मागावा. मुलांच्या हातांचे डाग पडणार, हे गृहीतच धरावे.

गुलाबी कोणाचा, निळा कोणाचा?

मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा हा नियम सनातन असल्यासारखा पाळला जातो. वास्तविक अमेरिकेतही १९१८ साली कपड्यांच्या व्यापाराशी संबंधित एका नियतकालिकाने गुलाबी रंग मुलग्यांसाठी आणि नाजूक म्हणून निळा मुलींसाठी, असा सल्ला दिला होता. आजची वाटणी तेथे १९४० नंतर रुळली आणि बाजाराबरोबर जगभर पसरली. आपली कुंची, दुपटी, आजीच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या यांत असा भेद कधी नव्हता. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरही लाल, पिवळा, हिरवा असे सारे रंग एकत्र नांदत आले आहेत. म्हणून नातवाने गुलाबी मागितला तर हसू नये, आणि नातीने निळा मागितला तर आश्चर्य व्यक्त करू नये.

मुलाला निवड करू द्यावी. पण सबंध शेडकार्ड हाती देऊ नये. आपण तीन-चार योग्य छटा आधी काढाव्यात आणि त्यांतून त्याला एक निवडायला सांगावी. छोट्या डब्या आणून भिंतीवर हातभर चौकोन रंगवून पाहावेत, आणि सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली ते कसे दिसतात हे तिघांनी मिळून पाहावे. कागदावरचा चौकोन आणि भिंतीवरचा रंग यांत मोठे अंतर पडते. भिंतीवर तो बहुधा अधिक गडद वाटतो.

या निमित्ताने एक ठेवाही पुढे देता येईल. आपल्याला रंगांची जितकी नावे ठाऊक आहेत, तितकी नव्या पिढीला नाहीत. चिंतामणी, आमसुली, गुलबक्षी, अबोली, श्रीखंडी, शेवाळी, मोतिया… शेडकार्डावरच्या प्रत्येक चौकोनाला आपले नाव द्यायला लागा. मूल तासभर हलणार नाही. प्रत्येक नावामागे एखादे फूल, फळ, पक्वान्न किंवा नेसलेले लुगडे असते आणि त्यामागे एखादी गोष्ट. मन प्रसन्न करण्याचे जे श्रेय आपण रंगाला देतो, त्यातील बराच वाटा अशा सहवासाचा असतो.

नातवाची रंगदृष्टी आणि आईचे वडील

रंग निवडताना एखादे मूल वारंवार गल्लत करीत असेल, झाडाची पाने तपकिरी रंगवीत असेल, हिरवी कैरी आणि पिकलेला आंबा यांत रंगावरून भेद करू शकत नसेल, तर त्याला रागावू नये. लाल-हिरव्या रंगांतील भेद न कळणे हा जन्मजात दोष असू शकतो. तो प्रामुख्याने मुलग्यांत आढळतो आणि त्याचा वारसा आईकडून येतो. आईच्या वडिलांना हा दोष असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलीकडे तो सुप्त रूपात जातो आणि त्या मुलीच्या प्रत्येक मुलग्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. आजोबांच्या मुलाच्या मुलग्यात मात्र तो आजोबांकडून येत नाही. म्हणून आपल्याला असा दोष असल्याचे नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत कधी कळले असेल, तर ते मुलीला अवश्य सांगावे. कुटुंबातील ही माहिती आपल्याखेरीज कोणाकडे नसते.

तपासणी सोपी आहे. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेले ठिपक्यांचे तक्ते आजही नेत्रतज्ज्ञांकडे वापरले जातात. हा दोष औषधाने जात नाही. परंतु निदान वेळेत झाले, तर शिक्षकांना कल्पना देता येते, रंगखडूंवर नावे लिहिता येतात आणि मूल ‘आळशी’ किंवा ‘मंद’ या शिक्क्यापासून वाचते.

रंगातील विष, भिंतीतील ओल

रंगाचा मनावरील परिणाम सौम्य असला, तरी रंगातील घातक द्रव्यांचा शरीरावरील परिणाम सौम्य नाही. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे विपुल असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दर दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरविणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते अमलात आले. त्यापूर्वी रंगवलेल्या खिडक्या, दारे, गज आणि पलंग यांवर शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे प्रौढाच्या चार ते पाच पट शोषून घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही. बुद्धीच्या वाढीवर आणि वागणुकीवर त्याचा परिणाम होतो.

तेव्हा जुना रंग कोरडाच घासू देऊ नये. त्याची धूळ सर्वाधिक घातक असते. रंगाऱ्याला पाणी मारून घासायला सांगावे. त्या काळात मुले आणि गर्भवती स्त्रिया घरात नसाव्यात. काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. नवा रंग घेताना डब्यावर शिसेविरहित असल्याचा उल्लेख पाहावा. मूल भिंतीचे पोपडे किंवा माती खात असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिशाचे आणि लोहाचे प्रमाण तपासून घ्यावे. लोह कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते.

भिंतीला ओल असेल, तर तिच्यावर नुसता नवा रंग देऊन उपयोग नाही. आतल्या बुरशीने मुलाचा दमा आणि आपला खोकला, दोन्ही बळावतात. आधी गळती शोधून बंद करावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मगच पुट्टी आणि रंग. या कारणाने पावसाळा सरल्यावरचे दिवस कामाला बरे. रंग झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान तीन-चार दिवस, खिडक्या उघड्या ठेवून सर्वांनी दुसऱ्या खोलीत झोपावे.

आपल्या वाटेचे रंग

शेवटी, या खोलीत आपल्यासाठी मागून घ्यायच्या काही गोष्टी. फिकट भिंतीवर पांढरे बटण दिसत नाही. विजेच्या बटणांच्या पाटीभोवती गडद रंगाची चौकट काढून घ्यावी. स्वच्छतागृहाचे दार भिंतीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगाचे असावे. पलंगावरची चादर आणि जमीन एकाच रंगाची असेल, तर पलंगाची कड कळत नाही आणि बसताना तोल जातो. म्हणून फरशी फिकट असेल तर चादर गडद घ्यावी. जमिनीवर नक्षीदार, गडद ठिपक्यांची सतरंजी नको. उतरत्या वयात तो ठिपका खड्डा वाटू शकतो. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी ठळक लाल रंगाच्या ताटात वाढले असता ते सुमारे २५ टक्के अधिक जेवले. पांढऱ्या ताटातील पांढरा भात त्यांना नीट दिसतच नव्हता, असे यामागचे कारण समजले जाते.

या मागण्या संकोचाने करू नयेत. मूल काही वर्षांत मोठे होईल, गुलाबी भिंत त्याला नकोशी होईल आणि खोली पुन्हा रंगवावी लागेल. त्या दरम्यान रात्रीच्या वेळी त्याच खोलीत आपल्याला धडपणे उठता-बसता यायला हवे. चार दिवसांच्या कामासाठी रंगारी घरी येणार असेल, तर त्याच्याकडून चौकटीचा तो एक गडद पट्टाही काढून घ्यावा. त्याला लागणारा वेळ अर्ध्या तासाहून अधिक नाही.